चांगल्या डोळ्याकडे बघून बोलावे

डोळा सापडला. रंगारणीची नोकरी राहिली, सासऱ्यांनी जावयाचं कौतुक केलं, आणि त्या कौतुकाला साक्षीदारही होते.

असं काही झालेलं नाही. वरची वाक्यं कोणी वाचली असतील तर त्यांनी ती कृपया होती तिथे ठेवावीत. सकाळची वेळ आहे, डोळा हरवलेला आहे, आणि सासऱ्यांनी आजवर जावयाचं कौतुक एकदाच केलंय. तेही फोन चुकीच्या माणसाला लागला होता म्हणून.

१

जावईबापू बस आगारातल्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात नोकरीला होते. काउंटरच्या अलीकडे ते, पलीकडे जग. जग येऊन सांगायचं की छत्री गेली, डबा गेला, एक चप्पल गेली. परवाच एक गृहस्थ कवळी हरवल्याची तक्रार घेऊन आले होते. तक्रार इतकी ठणठणीत आणि स्पष्ट उच्चारात केली की जावईबापूंनी त्यांना नम्रपणे तोंड उघडायला सांगितलं. कवळी तोंडातच होती. गृहस्थांनी पोच मागितली.

तर अशा या कार्यालयात बायकोचा फोन आला.

"बाबांच्या इथे चोरी झालीय. डोळा गेला."

"अरे देवा! कोणाचा?"

"गिऱ्हाइकाचा."

"मग त्यांना आधी दवाखान्यात—"

"बनवलेला डोळा रे! नवा कोरा. ट्रेमधून गेला."

सासऱ्यांचा कृत्रिम डोळे बनवायचा कारखाना होता. लग्न ठरताना जावईबापूंनी ही गोष्ट मित्रांना सांगितली, तेव्हा 'सासरा तुझ्यावर डोळा ठेवून असेल' हा विनोद प्रत्येकाने स्वतःला सुचल्यासारखा करून घेतला होता.

"पोलिसांत कळवा की."

"कळवलं. ते हसायला लागले. तू जा तिकडे. बाबा म्हणतायत, रंगारणीनेच रागाच्या भरात लपवला. संध्याकाळी टाळं लावायच्या आत सापडला नाही तर तिला काढणार आहेत."

"मी जाऊन काय करू? मी छत्र्या बघतो."

"हरवलेली वस्तू ती हरवलेली वस्तू. आणि नीट ऐक. बाबांचा हात आता थरथरतो, डोळे सगळे तीच रंगवते. ती गेली तर कारखाना बंद. कारखाना बंद झाला की आई-बाबा राहायला कोणाकडे येतील?"

जावईबापूंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

२

कारखान्याला एकच दार होतं आणि दाराशी सासूबाईंचं टेबल होतं. त्या दारातून माशीसुद्धा वेळ ठरवून आत येते अशी ख्याती होती. पुढे काचेच्या भिंतीची बैठकीची खोली, तिच्यामागे कामाची लांबट खोली, आणि त्या खोलीच्या टोकाला कारखान्याचा जीव असलेली मोठी खिडकी. तिच्यातून दिवसभर एकसारखा उजेड यायचा.

"आलात जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. "पाय पुसा. आत गिऱ्हाईक बसलंय. आपला नियम माहीत आहे ना?"

नियम भिंतीवर रंगवलेलाच होता: चांगल्या डोळ्याकडे बघून बोलावे.

"दुसऱ्या बाजूला चुकूनसुद्धा बघायचं नाही. माणूस आधीच अवघडलेला असतो."

"पण चांगला कुठला ते कसं कळायचं?"

"कळतं," सासूबाई म्हणाल्या. सगळ्या मोठ्या शास्त्रांचं शेवटी इथेच येऊन थांबतं.

हा नियम कारखान्याच्या हाडीमाशी मुरला होता. पॉलिशवाला तर घरी बायकोशीही एकाच डोळ्याकडे बघून बोलायचा. बायको म्हणायची, संसार टिकला तो त्यामुळेच.

सासरे कामाच्या खोलीत रिकाम्या ट्रेसमोर उभे होते. ट्रेमधल्या मखमलीवर डोळ्याच्या आकाराचा खळगा पडला होता. लोकांना वाटतं कृत्रिम डोळा म्हणजे गोटी. तो असतो शिंपल्यासारखा, पातळ, पापणीआड सरकवायचा. पांढऱ्यात लाल रेशमाचे धागे सोडून शिरा करायच्या, बुबुळात रंगाचे थरावर थर द्यायचे, वर पारदर्शक थर ओतायचा, मग पॉलिश. आणि हे सगळं माणसाच्या जिवंत डोळ्याशी ताडून बघत.

"पंचांचा डोळा होता," सासरे म्हणाले.

पंच म्हणजे क्रिकेटचे पंच. आयुष्यभर लोकांनी त्यांना आंधळा म्हटलं, आणि मागच्या हंगामात ते अर्धं खरं झालं. स्वतःची नात गोलंदाजी करत असताना फलंदाजाने चेंडू सरळ हाणला, तो थेट डोळ्यावर. पंच म्हणे पडता पडता चौकाराची खूण करूनच पडले.

"सकाळी ते आले, खिडकीपाशी बसले," सासरे सांगू लागले. "डोळा ट्रेमध्ये समोरच होता. एवढ्यात ही रंगारीण पोरगी म्हणाली, काका, झालाय, देऊन टाका. मी म्हटलं, अजून एक हात फिरवायचाय. ती म्हणाली, तुम्ही गेले कित्येक आठवडे हेच म्हणताय. मी म्हटलं, रंग दाखवतो चल. आम्ही रंगाच्या कोठडीत गेलो. तिथे जरा आवाज चढले."

"जरा?" सासूबाई बाहेरून म्हणाल्या.

"परत आलो तर ट्रे रिकामा. पंच उठून बैठकीच्या खोलीत जाऊन बसलेले."

"मग पंचांना विचारलंत?"

"काय विचारायचं? स्वतःचाच डोळा कोण चोरतं? तरी बिचाऱ्यांनी आपणहून खिसे उलटे केले. चेंडू मोजायचे खडे निघाले आणि एक खोकल्याची गोळी. आता पोरगीच राहिली. ती कोठडीतून माझ्याआधी तणतणत बाहेर पडली होती."

"पण ती लपवेल कशाला?"

सासऱ्यांनी आवाज खाली आणला. "तिचा डोळा फार चांगला होतो."

"मग हे वाईट आहे?"

"अहो जावईबापू, खोटा डोळा थोडा खोटा दिसलाच पाहिजे! जरा मंद. नजरेत न भरणारा. हिचे डोळे… परवा मी ट्रेवर झाकण टाकायला गेलो आणि आधी 'येतो हं' म्हणालो. डोळ्याला! खऱ्या-खोट्यात अंतरच राहिलं नाही तर माणसाने विश्वास कशावर ठेवायचा?"

तेवढ्यात मागून कोणीतरी हुंदका दिला.

"बस करा," पॉलिशवाला म्हणाला. "मला धरा. डोळा मीच संपवलाय."

३

पॉलिशवाला दारात मावायचा नाही असा आडदांड होता, आणि त्याच्या हाताखालून निघालेली वस्तू बोटांतून निसटेल इतकी गुळगुळीत असायची.

"संपवला म्हणजे?"

"घासून. सकाळी मी काहीतरी घासत होतो, काय ते आठवत नाही. एकदा घासायला लागलो की माझी समाधी लागते, जावईबापू. मागे मालकांच्या अंगठीवरचं नाव गेलं. मालकीणबाईंच्या कपावरची फुलं गेली. मला वाटतं, डोळाही गेला."

जावईबापूंनी त्याच्या फडक्यावर बोट फिरवलं. बोटाला भुकटी लागली. ती पिवळी होती आणि उजेडात चमकत होती.

"डोळ्यात पितळ असतं का?"

"छे!"

जावईबापू कोठडीपर्यंत गेले आणि दाराच्या मुठीकडे बघून परत आले. मूठ निम्मी झाली होती.

"तुम्ही मूठ घासलीत. डोळा नाही."

पॉलिशवाल्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद पसरला, आणि सासऱ्यांच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी. "माझ्या आजोबांच्या वेळची मूठ!" हे वाक्य ऐकू आलं तेव्हा जावईबापू रंगारणीच्या टेबलाकडे निघाले होते. एक प्रकरण सुटलं होतं. ते कोणी दिलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

रंगारीण ब्रश फडक्यात गुंडाळून पिशवीत भरत होती.

"निघालीस?"

"काढण्याआधी निघालेलं बरं," ती म्हणाली. "पण तुम्हाला एक सांगते, काकांना सांगू नका. मी खरंच तो डोळा पळवणार होते. आज."

४

जावईबापूंनी स्टूल ओढलं. कार्यालयात असं कोणी बोललं की ते आधी पेन्सिलीला टोक काढायचे. इथे पेन्सिल नव्हती, म्हणून नुसतेच बसले.

"पळवणार होतीस म्हणजे?"

"ट्रेमधून उचलायचा आणि पंचांच्या हातात द्यायचा. पळा म्हणायचं. कोठडीतून बाहेर आले ती त्याच विचाराने. बघते तर माझ्याआधीच कोणीतरी उरकलेलं."

"हे बाबांना पटणार नाही."

"पटायला त्यांनी ऐकायला नको का? त्यांच्या मते मी तो रागाने लपवला. अहो, मी लपवला असता तर त्यांच्या नाकासमोर लपवला असता. लोकांनी तो बघावा म्हणूनच तर भांडतेय."

ती एका ब्रशचे केस चिमटीत सारखे करत राहिली.

"काका म्हणतात, खोटं ते खोटं दिसावं. पण खरं आहे का, हे बघतं कोण? लोकांना घाई असते. समोरून कोणीतरी आपल्याकडे बघतंय एवढं वाटलं की झालं त्यांचं खरं. पंचांचा राहिलेला डोळा थकलाय. उन्हात उभं राहून पिवळट झालाय, सारखं पाणी येतं. मी रंग त्याच्याशीच जुळवला, शिरा जुळवल्या. फक्त गेलेल्या डोळ्यात जे होतं ना, ते ठेवलं. त्यांच्या जुन्या फोटोत दिसतं. फलंदाजाचं सगळं नाटक कळलंय आणि तरी पूर्ण बघून घ्यायचंय, असं काहीतरी. आता ह्याला खोटं म्हणायचं का?"

हे बोलणं लक्ष देऊन ऐकण्यासारखं होतं. दुर्दैवाने जावईबापू त्या वेळी पिशवीत जाणारे ब्रश बघत होते आणि मनात सासऱ्यांचं अंथरूण आपल्या बैठकीच्या खोलीत कुठे मावेल याचा हिशेब करत होते.

"इथून गेलीस तर काय करशील?"

"बाहुल्यांचा कारखाना आहे. तिथे घेतील." ती हसली, पण हसू अर्ध्यावर संपलं. "एकच डोळा, निळा. रोज तोच. कोणाचाच नाही."

५

बैठकीच्या खोलीत शिरताना जावईबापूंना नियम आठवला आणि ते उंबऱ्यावर क्षणभर थांबले.

पंच खुर्चीत ताठ बसले होते. उन्हाने रापलेला चेहरा, गुडघ्यांवर हात. डोळे दोन होते. उजवा पिवळट, पाणावलेला, कडेला लाली आलेला. काम बरं होतं, पण खोटेपणा लपत नव्हता. जुना झाला असणार, म्हणून तर बिचारे नवा करून घ्यायला आले. डावा मात्र कसा स्वच्छ, तरतरीत, काहीसा मिस्कील! सासूबाई म्हणाल्या ते खोटं नव्हतं. कळतं.

जावईबापूंनी आपली नजर डाव्या डोळ्यावर रोवली आणि शेवटपर्यंत हलवली नाही.

"तुम्ही खिडकीपाशी बसलात तेव्हा डोळा ट्रेमध्ये होता?"

"होता."

"आणि उठलात तेव्हा?"

"नव्हता."

"मधे कोणी आलं?"

"चिटपाखरू नाही."

"कारखान्यातून तो डोळा बाहेर जाताना पाहिलात?"

"बाहेर गेलेलाच नाही. छातीवर हात ठेवून सांगतो."

"मग असेल कुठे?"

"जिथे असायला पाहिजे तिथेच असणार," पंच म्हणाले.

जावईबापूंनी मान डोलावली. वय झालं की माणसं अध्यात्माकडे वळतात.

ऊन सरकत पंचांच्या तोंडावर आलं. उजव्या डोळ्यातून पाणी गळालं. डाव्याची बाहुली तसूभरही लहान झाली नाही. काय हा धीर, जावईबापूंच्या मनात आलं. खोटं बोलणारा माणूस असा उजेडाला नजर देऊन बसत नाही.

"एक विचारू?" ते म्हणाले. "तपासाचं नाही. खरं काय ते ठरवण्यात तुमची हयात गेली. कसं ठरवता?"

"ठरवत नाही हो," पंच खुशीत आले. "जिथून नीट दिसेल तिथे जाऊन उभा राहतो. मग वाकून बघतो. दिसलं ते देतो. कधी चुकतं. आमच्या सौभाग्यवतींच्या भावाला मी चुकीचा पायचीत दिला होता, दिवाणखान्यात अजून ते प्रकरण चालू आहे. पण चुकलं म्हणून डोळे मिटून घ्यायचे नसतात. पुढचा चेंडू येतो, पुन्हा वाकायचं. ह्यापलीकडे उपाय असेल तर मला माहीत नाही."

"वा."

"आणि आणखी एक. पंच आपणहून काही देत नाही. चेंडू बॅटीची कड घेऊन गेला, मला दिसलं, सगळ्यांना दिसलं, पण कोणी अपील केलं नाही, तर मी गप्प. विचारल्याशिवाय उत्तर नाही. हा नियमच आहे."

एवढं बोलून पंच थोडे पुढे झुकले आणि जावईबापूंकडे आशेने बघत राहिले.

"फार छान," जावईबापू म्हणाले आणि उठले.

पंचांनी सुस्कारा सोडला.

बाहेर पडताना दाराजवळच्या खुंटीवर एक काळी पट्टी लटकलेली दिसली. कापडी, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक. बेवारस वस्तू बघून जावईबापूंचे हात शिवशिवले. खिशात कार्यालयाची चिठ्ठी होतीच. त्यांनी ती पट्टीला बांधली: 'काळी पट्टी, एक. मालक अज्ञात.'

६

टाळं लावायची वेळ जवळ आली तसे सगळे कामाच्या खोलीत जमले. सासरे किल्ली घेऊन, रंगारीण पिशवी घेऊन, पॉलिशवाला उरलेली मूठ घेऊन. सासूबाई दार सोडून आत आल्या होत्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बोला, जावईबापू," सासरे म्हणाले.

जावईबापू उभे राहिले. त्यांच्याजवळ निष्कर्ष नव्हता, पण उभं राहण्याची पद्धत असते.

"डोळा दारातून बाहेर गेला नाही. दाराशी आई होत्या. पॉलिशवाल्यांनी तो घासला नाही, त्याला मूठ साक्षी आहे. हिने घेतला नाही, कारण ती घ्यायला आली तेव्हा ट्रे रिकामा होता."

"असं ती म्हणते."

"आणि पंचांनीही घेतलेला नाही. मी त्यांच्याशी नजरेला नजर भिडवून बोललोय. असा निर्मळ डोळा मी पाहिला नाही. तो माणूस खोटं बोलूच शकत नाही."

"मग उरलं कोण?"

उरलं कोणीच नव्हतं. सासरे किल्ली हातात फिरवू लागले. रंगारणीने पिशवी खांद्याला लावली. जावईबापूंनी वेळ काढायला हातातली वस्तू वर केली.

"जाता जाता, ही पट्टी कोणाची आहे? खुंटीवर होती."

"पंचांची," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी लावून आले होते. मागच्या हंगामापासून तीच तर लावतात."

"अच्छा. त्या जुन्या डोळ्यावर."

"कुठला जुना डोळा?"

"पंचांचा जुना खोटा डोळा. पिवळट झालेला. उजवा."

सासऱ्यांच्या हातातली किल्ली फिरायची थांबली.

"उजवा त्यांचा जन्माचा आहे," रंगारीण सावकाश म्हणाली. "त्यांना खोटा डोळा कधी नव्हताच. हा पहिलाच."

जावईबापूंनी पट्टीकडे बघितलं. त्यांना कवळीवाले गृहस्थ आठवले, स्पष्ट उच्चारांसकट. कार्यालयात त्यांनी इतकी वर्षं हेच तर पाहिलं होतं. हरवलेल्या वस्तूमागे सगळे धावतात. सापडलेल्या वस्तूला मात्र कोणी विचारत नाही की बाई गं, तू इथे का? पट्टी खुंटीवर होती. माणूस पट्टीशिवाय बसला होता. म्हणजे पट्टीची गरज संपली होती.

"आई," त्यांचा आवाज बारीक झाला, "सकाळी पट्टी कुठल्या डोळ्यावर होती?"

"डाव्या."

एवढा वेळ डाव्या डोळ्यात बघूनच जावईबापूंनी पंचांना निर्दोष सोडलं होतं. जो डोळा शोधायला ते आले होते, त्याचीच त्यांनी साक्ष घेतली होती.

७

सगळे बैठकीच्या खोलीत घुसले आणि पंचांभोवती अर्धवर्तुळ करून उभे राहिले. नंतर चौघांनी चार दिशांनी पंचांच्या उजव्या डोळ्याकडे बघितलं.

"डावीकडे," जावईबापू म्हणाले.

कोणाची मान वळेना. जन्माची सवय. पॉलिशवाल्याने प्रयत्न केला, पण नजर पंचांच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन अडकली. असं सगळं घडलं होतं तर. ज्यांना माहीत होतं ते बघत नव्हते, आणि जो बघत होता त्याला माहीत नव्हतं. सकाळपासून डोळा भर उजेडात बसला होता, पाहुण्यासारखा, गुडघ्यांवर हात ठेवून.

जावईबापूंनी घसा साफ केला. त्यांनी क्रिकेट कधीच खेळलेलं नव्हतं. शाळेत त्यांना नेहमी सीमारेषेबाहेर, पाण्याच्या बाटल्यांपाशी उभं करत. पण आता ते गुडघ्यांत वाकले, दोन्ही हात वर फेकले आणि कारखाना हादरेल अशा आवाजात ओरडले:

"हाउज दॅट!"

पंचांनी उत्तर द्यायची घाई केली नाही. आधी सरळ उभे राहिले, शर्टाची कॉलर नीट केली. मग सावकाश बोट वर केलं.

"सकाळपासून वाट बघतोय," ते म्हणाले. "कोणी विचारीचना."

"पंच, तुम्ही?" रंगारणीच्या हातातली पिशवी खाली आली. "आणि इकडे माझी नोकरी चालली होती!"

"तुझी? का?" पंचांचा चेहरा पडला. "आत आवाज चढले होते, पण ते रोजच चढतात. मला काय ठाऊक, पोरी. तूसुद्धा दोनदा पाणी विचारून गेलीस. तुझंच तर काम आहे हे, आणि तूही बघितलं नाहीस."

"नियम आहे ना," रंगारीण पुटपुटली.

"पण घातलात कशाला?" सासरे म्हणाले. "मी दिला नव्हता अजून."

"तुम्ही देणारच नव्हता. मी म्हटलं, इथल्या लोकांना कळलं नाही तर मैदानावर कोणाला कळणार? बघू तरी." पंच पुन्हा बसले. "अहो, पट्टी लावल्यापासून मला एक शिवी मिळालेली नाही. बाद दिला तर फलंदाज 'बरं आहे, काका' म्हणून निघून जातो. नाबाद दिला तर गोलंदाज माझी तब्येत विचारतो. गेल्या सामन्यात आमची नात माझ्यावर भडकली. म्हणाली, आजोबा, हे सगळे तुमच्यावर दया करतायत, खेळ खोटा झालाय, मला नाही खेळायचं."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पंचांची हनुवटी बोटांत धरून चेहरा खिडकीकडे वळवला, आणि स्वतःची मान, गंजलेल्या बिजागरीसारखी, डावीकडे फिरवली. बराच वेळ बघत राहिले. जिथून नीट दिसतं तिथे उभे राहून, वाकून.

"ही कडेची शीर जास्त लाल झालीय," ते शेवटी म्हणाले.

"उजव्यातही तेवढीच आहे," रंगारीण म्हणाली.

सासऱ्यांनी उजव्यात बघितलं. पुन्हा डाव्यात. पुन्हा उजव्यात.

"आहे," ते म्हणाले. हा एवढासा शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडायला वाट शोधत होता असं वाटलं. मग किल्ली खिशात टाकून म्हणाले, "खिडकीतली खुर्ची उद्यापासून तुझी. माझ्या डोळ्यांना तो उजेड हल्ली झोंबतो."

तो उजेड कधीच कोणाला झोंबत नसे. पण सगळ्यांनी ते खरं धरलं, कारण काही गोष्टींना अपील करायचं नसतं.

८

सुटीच्या दिवशी नातीचा सामना होता. कारखाना सगळाच्या सगळा दोरीपलीकडे बसला होता. पॉलिशवाल्याने येताना एक चेंडू हातात घेतला होता. त्याची शिवण आता दिसत नव्हती, म्हणून सासूबाईंनी तो जप्त केला.

पंच टोपी घालून उभे होते. पट्टी नव्हती. कोणी टक लावून बघत नव्हतं, कोणी तब्येत विचारत नव्हतं. नात धावत आली, चेंडू टाकला, तो फलंदाजाच्या पॅडवर आदळला. नातीने वळून असं अपील केलं की शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले. पंच वाकून बघत होतेच. बोट वर गेलं.

रंगारणीने श्वास रोखला. आणि मग फलंदाजाच्या बापाने खुर्चीवर चढून, अंगातलं सगळं बळ एकवटून आरोळी ठोकली:

"ए पंच! आंधळा झालास का रे!"

मागून आणखी चार आवाज उठले. कोणी चष्मा द्यायला निघालं, कोणी काठी. नात कमरेवर हात ठेवून हसत उभी राहिली. खेळ पुन्हा खरा झाला होता.

पंच जागचे हलले नाहीत. त्यांचा उजवा डोळा भरून आला. डावा मात्र फलंदाजाचं नाटक पूर्ण बघून घेत होता.

"ऐकलंस?" सासरे रंगारणीला म्हणाले. "याला म्हणतात प्रमाणपत्र." तिने फक्त ओढणीने दोन्ही डोळे पुसले. मग सासऱ्यांनी समोरच बघत, कोणाला उद्देशून ते नीट कळू न देता, म्हटलं, "जावई तसा बरा आहे आमचा."

सासूबाईंनी ऐकलं. पॉलिशवाल्यानेही ऐकलं.

पुढच्या आठवड्यात मैदानाच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. मजकूर पंचांचा होता. भाषेवरून मात्र त्यात हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयाचा हात असल्याचा संशय घ्यायला जागा होती.

'सर्व प्रेक्षकांस कळविण्यात येते की, मागील सामन्यात "पंच आंधळा आहे" असे जे विधान करण्यात आले, ते अंशतः सत्य असल्याचे प्राथमिक पाहणीत आढळून आले आहे. तरी सदर विधान करणाऱ्या गृहस्थांनी ते नेमके कोणत्या डोळ्यास उद्देशून होते, याचा सविस्तर खुलासा स्वाक्षरीसह, दोन प्रतींत, स्वखर्चाने सादर करावा. तसेच यापुढे अशी विधाने करण्यापूर्वी दोन्ही डोळे जवळून, दिवसाच्या उजेडात, समक्ष तपासून, त्यांपैकी खरा कोणता हे आधी ओळखून दाखवावे, आणि मगच ओरडावे, ही नम्र विनंती.'